उन्हात पळणारी तबकडी

गल्लीत तिला सगळे डागताई म्हणत. नव्याने ऐकणारा माणूस जरा चमकायचा, म्हणून ती स्वतःच खुलासा करून टाकायची, "चारित्र्यावरचा नव्हे हो, तारेवरचा!" दोन तारा जोडताना वितळलेल्या कथलाचा जो थेंब टाकतात, तो डाग. असे डाग देण्यातच तिचं सगळं तरुणपण गेलं होतं. रेडिओच्या कारखान्यात लांबलचक टेबलाशी बायकांची रांग बसायची. एका बाजूने बोर्ड सरकत यायचा, आपल्या वाटणीचे डाग द्यायचे आणि बोर्ड पुढे ढकलायचा. हिच्या हातचा डाग मोहरीएवढा, गोल आणि चकचकीत. मुकादम म्हणायचा, "हिचे बोर्ड तपासायला पाठवू नका रे, उगाच वेळ जातो."

कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या बायका पांगल्या. कुणी शिवणकाम धरलं, कुणी नातवंडं सांभाळायला लागल्या. डागताईने कारखान्याच्या भंगारातून एक मीटर, डाग द्यायचं एक सोल्डरिंग आयर्न आणि खोकंभर सुटे भाग घरी आणले आणि थोरल्या भावाच्या घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी दुरुस्तीचं टेबल मांडलं. लग्नाचं तिचं वेळेवर जमलं नव्हतं, आणि पुढे जमवायचं राहूनच गेलं. दादा बस डेपोतून निवृत्त झालेला, स्वभावाने शांत पण काळजीखोर. आणि वहिनी? भिंतीला कान असतात म्हणतात. त्या घरात ते कान वहिनीचे होते. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ती सांगायची, वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय, शेजारच्या सूनबाई आज रुसल्यात, आणि जिन्यावरून येतोय तो पोस्टमन नाही, गॅसवाला आहे. बहुतेक वेळा खरं निघायचं. नणंदेच्या टेबलावरच्या तारांचा मात्र तिला मनापासून वैताग. "वन्सं, तुमच्या ह्या शेवया आवरा बाई, पायात येतात," हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच.

तर अशा ह्या डागताईचा डावा कान एका सकाळी गेला. दुखलं नाही, खुपलं नाही. झोपेतून उठली तर डाव्या बाजूचं जग कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं बंद. सर्दी असेल, मळ असेल म्हणत तिने थोडे दिवस काढले. मग कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं, "आतली शीर गेली आहे. परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. उजवा चांगला आहे, त्याला जपा."

एका कानाने माणसाचं अडत नाही असं लोक म्हणतात. ते लोक रेडिओ दुरुस्त करत नसतात. खरखर कुठल्या बाजूने येते, दोन स्पीकरमधला कुठला मुका आहे, आवाज मध्यभागी बसतो की एकीकडे कलतो, हे सगळं दोन कानांचं काम. डागताईने एका गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर बरा म्हणून दिला आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला. डावी बाजू बंदच होती. गिऱ्हाईक ओळखीचं, हसून म्हणालं, "असू द्या ताई, होतं." पण ते "असू द्या" तिला चांगलंच झोंबलं.

त्यानंतर दादाने विषय काढला. जेवताना, भाताकडे बघत. "माझ्या मित्राचं वह्या-पेनांचं दुकान आहे. गल्ल्यावर बसायला विश्वासाचं माणूस हवंय त्याला. बसून काम. पंखा आहे."

"बघते," डागताई म्हणाली.

त्या घरात "बघते"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. दादाने पुढे काही विचारलं नाही, पण रोज एकदा पंख्याचं कौतुक मात्र करायचा.

अशात एक दिवस दारात टॅक्सी थांबली. चादरीत गुंडाळलेलं एक धूड दोन्ही हातांनी पोटाशी धरून एक बाई उतरल्या. वयस्कर, सडसडीत, पाठ ताठ. चालणं असं की पायरीही त्या मोजून चढल्या असाव्यात. तीन गल्ल्या पलीकडे त्या नाच शिकवायच्या. पोरीबाळी त्यांना नाचबाई म्हणायच्या, आणि त्यांनाही ते चालायचं.

चादर सोडली तर आत तबकड्या वाजवायचं टर्नटेबल. जुनं, जड, लाकडी चौकटीचं, तबकडी जिच्यावर बसते त्या फिरत्या ताटलीच्या काठावर ठिपक्यांची नक्षी असलेलं. दोन दुकानं फिरून आलेलं. एकाने सांगितलं होतं, सुटे भाग मिळत नाहीत. दुसऱ्याने हात न लावताच नवीन घ्या म्हटलं होतं.

"काय होतंय त्याला?" डागताईने विचारलं आणि सवयीने उजवा कान पुढे केला.

"काय होत नाही ते विचारा. घूं घूं करतं. डावीकडचा स्पीकर मनात येईल तेव्हा बोलतो. आणि वेग... वेगाचं मला नीट सांगता येत नाही. कधी बरोबर, कधी पळतं."

"मग नवीन का घेत नाही?"

"घेईन हो. पण ह्याच्यावर माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि मोडलेलं टाकून द्यायचं ते निदान का मोडलं ते कळल्यावर." नाचबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांगू? ताल आणि बासरीची एक तबकडी आहे माझ्याकडे, सरावाची. तिच्यावरच मी शिकवते. हल्ली तिच्याबरोबर नाचताना मी मागे पडते. मला वाटलं, गेले आता आपले पाय. वर्ग बंद करायचं मनात आलं होतं. मग म्हटलं, आधी यंत्र तरी दाखवावं."

डागताई त्यांच्याकडे बघत राहिली. आपलं शरीर बिघडलं की यंत्र, हे ठरवता न येण्यातली भीती तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"ठेवून जा," ती म्हणाली.

घुंघुं पहिल्याच दिवशी सापडली. यंत्राच्या मागून एक बारीक अर्थिंगची तार निघते, ती आतल्या बाजूला कुरतडल्यासारखी तुटली होती. नुसत्या वेष्टणाच्या आधाराने लोंबत होती, म्हणून वरून धडधाकट दिसायची. डागताईने तार सोलली, डाग दिला, घुंघुं गेली.

मग डावा स्पीकर. तिने टर्नटेबल आपल्या ॲम्प्लिफायरला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, आणि आपल्या दोन स्पीकरना जोडलं, आणि आधी मागच्या दोन तारांची अदलाबदल केली, डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. मुकेपणाही बाजू बदलून उजव्या स्पीकरमध्ये गेला. म्हणजे स्पीकर निर्दोष, ॲम्प्लिफायर निर्दोष, रोग टर्नटेबलच्या पोटात. तसं मागे जात जात ती थेट सुईपर्यंत पोचली. तिथे चार रंगांच्या केसासारख्या तारा चार पिनांवर बसवलेल्या असतात. पांढऱ्या तारेची चिमुकली पकड काळी पडून सैल झाली होती. तिने पकड खरवडून स्वच्छ केली, चिमट्याने हलकेच आवळली, मागच्या तारा जागच्या जागी लावल्या आणि तबकडी सुरू केली.

डावीकडे काहीच नाही.

पुन्हा पकड आवळली. पुन्हा तबकडी. दोन स्पीकरच्या मधोमध स्टूल ठेवून बसली, डोळे मिटले. सगळा आवाज उजवीकडून. तिने तिसऱ्यांदा सगळं उघडलं. कपाळावर घाम, ओठ आवळलेले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. तो तिला ऐकू आला नाही, म्हणून वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली आणि उजव्या बाजूला उभी राहून म्हणाली, "वन्सं, दोन्हीकडून वाजतंय. मघापासून वाजतंय."

डागताईने मीटर लावला. दोन्ही बाजूंना त्याचा काटा सारखाच हलत होता. दुरुस्ती पहिल्याच झटक्यात झाली होती. मुका होता तो तिचा कान. आणि आयुष्यभर मीटर वापरलेल्या बाईला मीटर लावायचं सुचलंही नव्हतं.

तिने मीटरच्या तारा गुंडाळून ठेवल्या. वहिनी अजून तिथेच उभी होती. एरवी तिने शेवयांचा विषय काढला असता. आज काढला नाही.

"वहिनी," अखेर डागताई म्हणाली, "तुला काम आहे का काही?"

"काम कधी नसतं?"

"थोडं बस इथे. मी स्पीकरच्या तारा हलवते, कुठे खरखरलं तर सांग."

वहिनी स्टुलावर बसली, जरा अवघडून, पाहुणी आल्यासारखी. पण दोन मिनिटांत मान तिरकी करून म्हणाली, "उजवीकडचा जरा नाकात बोलतो." डागताईने बघितलं तर उजव्या स्पीकरचा एक स्क्रू सैल होता आणि पुठ्ठा थरथरत होता. ती वहिनीकडे बघतच राहिली.

"आणि आता ऐका, दोन्ही स्पीकर सोडून पलीकडच्या खोलीत आमचे हे गुपचूप रेडिओ लावून बसलेत," वहिनी म्हणाली.

वेगाचं काम डागताईला सोपं वाटलं होतं. ह्या जातीच्या यंत्रात पट्टा नसतो, मोटारच तबकडी फिरवते आणि वेग ठरवतो एक छोटा बोर्ड. बोर्डावर वेग कमीजास्त करायचे बारीक स्क्रू असतात. वर्षानुवर्षं न हलवल्याने ते गंजतात. तिने ते औषध मारून साफ केले आणि वेग लावला. ताटलीच्या काठावरच्या ठिपक्यांवर छोट्या दिव्याचा उजेड पडतो. वेग बरोबर असला की फिरत असूनही ठिपके जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. थांबले. संध्याकाळभर थांबलेले राहिले. दुसऱ्या दिवशी नाचबाई यंत्र घेऊन गेल्या, आणि जाताना त्यांनी डागताईचे दोन्ही हात हातात घेतले.

आठवडाही झाला नसेल. नाचबाईंचा निरोप आला: पुन्हा पळतंय.

दादा म्हणाला, "झालं ना सगळं करून? आता म्हातारं यंत्र ते. हट्टाला पेटू नकोस."

"हट्ट नाही. काम अर्धं राहिलंय."

"गल्ल्यावर बसलीस तर निदान वस्तू परत येत नाहीत."

डागताईने पिशवीत मीटर आणि स्क्रूड्रायव्हर टाकले आणि चपला घातल्या. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन यंत्र बघायची तिची पद्धत नव्हती. पण टेबलावर नीट वागणारं यंत्र दुसरीकडे वेड्यासारखं करतं, तर दोष त्या दोन जागांच्या फरकातच कुठेतरी असणार, एवढं तिला दिसत होतं.

नाचबाईंचा वर्ग एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. लाकडी जमीन पायांनी गुळगुळीत झालेली, एका भिंतीला आरसा, समोर उंच खिडक्यांची रांग. खिडकीखालच्या कट्ट्यावर टर्नटेबल. ती पोचली तेव्हा सकाळचा वर्ग संपत आला होता. मुली बासरीबरोबर डौलात वळत होत्या, आणि ठिपके तर खिळ्याने ठोकल्यासारखे स्थिर.

"आत्ता बघा कसं शहाण्यासारखं वागतंय," नाचबाई म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर पोरं वागतात तसं."

डागताईने विजेचा दाब मोजला, तारा तपासल्या, कट्टा हलतो का बघितलं. काही सापडेना. मग ती नुसती बसून राहिली. बोलता बोलता नाचबाई सहज म्हणाल्या, "ही सकाळची तुकडी हुशार आहे. दुपारची मात्र अगदी ढ. तालाच्या पुढे पळतात नाहीतर मागे राहतात, रडकुंडीला येतात. परवा एकीला मी इतकं बोलले, की ती आलीच नाही पुन्हा."

डागताई ताठ बसली. "दुपारचीच तुकडी चुकते? नेहमी?"

"नेहमीच."

"आणि तुम्ही मागे पडता ते?"

नाचबाई विचारात पडल्या. "तेही... दुपारीच. सकाळी मला वाटतं, अजून दम आहे."

"मी थांबते दुपारपर्यंत," डागताई म्हणाली.

दुपार कलली तसं ऊन खिडक्यांतून आत आलं. आधी जमिनीवर पट्टे पडले, मग ते सरकत सरकत कट्ट्यावर चढले आणि टर्नटेबलवर येऊन बसले. काळी तबकडी, गडद लाकूड. थोड्या वेळात हात लावला तर चटका बसावा इतकं ते तापलं. डागताईने खाली वाकून ठिपक्यांकडे बघितलं. ते हळूच, चोरपावलांनी, पुढे सरकायला लागले होते. दुपारच्या मुली समोर धापा टाकत होत्या.

तिने नाचबाईंना बोलावलं आणि काठावर बोट दाखवलं. "तुमच्या पायांना काही झालेलं नाही, बाई. मुलींनाही नाही. हे पळतंय. तापलं की पळतंय."

नाचबाईंनी तबकडीकडे बघितलं, मुलींकडे बघितलं. टाळी वाजवून वर्ग थांबवला, आणि सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणाल्या, "चूक तुमची नव्हती. मी उगाच बोलले. जी घरी बसली आहे, तिच्याकडे मी आज स्वतः जाणार आहे." मुली एकमेकींकडे बघून हसल्या. एकीने विचारलं, "मग आज सुट्टी?" "सुट्टी नाही," नाचबाई म्हणाल्या, "टाळीवर नाचायचं."

यंत्र पुन्हा डागताईच्या टेबलावर आलं. रोग कळला होता. रोगाचं घर सापडायचं होतं. जुन्या यंत्रात उष्णतेने बिघडणारं पहिलं संशयित म्हणजे मोठे कपॅसिटर. वीज साठवून ठेवणारे हे डबे वय झालं की आतून सुकतात. तिने बोर्डावरचे असे तिन्ही बदलले. वहिनीचं केस वाळवायचं यंत्र मागून घेतलं, गरम वारा मारला. ठिपके पुन्हा पळाले. एवढी मेहनत पाण्यात.

"माझं ते केसांचं यंत्र जळलं तर?" वहिनीने विचारलं.

"जळलं तर दुरुस्त करून देईन."

"मग जळू द्या. नाहीतरी त्याचं बटण अडकतंय."

आता एकेक भाग वेगळा तापवून बघायचा. बोर्ड यंत्राच्या पोटात, खालच्या अंगाला. तेव्हा दोन स्टुलांमध्ये फट ठेवून त्यांच्यावर टर्नटेबल मांडलं, खालचं झाकण काढलं आणि डागताई जमिनीवर उताणी झोपली. विजेच्या तारांच्या भागावर पुठ्ठा बांधला. एक हात पाठीखाली दाबून ठेवला. चालू यंत्रात दोन्ही हात घालायचे नाहीत, हा मुकादमाचा नियम तिच्या हाडात मुरला होता. दुसऱ्या हातात केसांचं यंत्र, आणि त्याच्या तोंडाला जाड कागदाची निमुळती नळी, म्हणजे वारा एका वेळी एकाच भागावर पडावा. पण असं झोपलं की ठिपके दिसत नाहीत, आणि वाऱ्याच्या घरघरीत एका कानाला बासरी ऐकू येत नाही.

"वहिनी, तू वर उभी राहा. उजव्या अंगाला. ठिपके हलले की सांग."

दादा दारात येऊन उभा राहिला होता. बहीण जमिनीवर, बायको यंत्राच्या डोक्याशी. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि वहिनीने नुसता हात वर केला. तो गप्प बसला.

कागदाची नळी एका भागावरून दुसऱ्यावर फिरत होती. मोटारीचे ट्रान्झिस्टर. काही नाही. वेगाचे स्क्रू. काही नाही. मान अवघडली, डोळ्यात धूळ गेली, हाताला मुंग्या आल्या. डागताईने हात बदलला आणि पुन्हा सुरुवात केली. एका कोपऱ्यात, मोठ्या भागांच्या आडोशाला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, तपकिरी रंगाचा एक कपॅसिटर होता. नळी त्याच्यावर आली.

"सूर चढला!" वहिनी ओरडली.

"ठिपके?"

"ठिपके जागेवरच आहेत. बासरी चढली. केसभर चढली, पण चढली."

डागताईने नळी तिथेच धरली. थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "हां, आता ठिपकेही निघाले." डोळ्यांच्या आधी कानाने पकडलं होतं, तेही त्या घरघरीत.

आता उलट तपासणी. डागताईने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि चिमट्याने त्या दाण्याला टेकवला. स्पिरिट उडालं की गारवा येतो.

"उतरली," वहिनी म्हणाली. "उतरतेय... बसली जागेवर."

पुन्हा वारा. "चढली." पुन्हा बोळा. "उतरली." तिसऱ्या वेळी तर दादाच दारातून म्हणाला, "चढली का आता?" आणि वहिनी म्हणाली, "अजून नाही, थांबा हो!"

मोटार किती जोरात फिरते आहे हे बोर्डाला कळवायच्या कामात तो दाणा होता. तापला की तो बोर्डाला खोटं सांगायचा, मोटार मागे पडलीय म्हणून, आणि बोर्ड बिचारा तिला आणखी पळवायचा. डागताईने तो उपटून काढला. त्याच मापाचा तिच्याकडे नव्हता. तिने खोकं जमिनीवर उपडं केलं आणि नवराबायको दोघांना वेचायला बसवलं. दादाने चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. नेमकं माप मिळालं नाही, पण दोन लहान मिळाले, उष्णतेला न डगमगणाऱ्या जातीचे. शेजारी शेजारी जोडले की त्यांची बेरीज होते. बेरीज जुळत होती. डागताईने आयर्न तापवलं, बोर्डावर वाकली आणि दोन डाग दिले. गोल, चकचकीत, मोहरीएवढे.

मग पुन्हा खाली झोपून केसांचं यंत्र पूर्ण जोरात बोर्डावर धरलं. वहिनी मान तिरकी करून ऐकत राहिली. तबकडीची पूर्ण बाजू संपली, सुई आतल्या रिकाम्या चरात जाऊन टकटक करायला लागली.

"नाही हलली," वहिनी म्हणाली. मग जमिनीवर पडलेल्या नणंदेला हात देऊन उठवत म्हणाली, "उठा आता. केसात जळमटं झालीत तुमच्या."

यंत्र पोचवायला डागताई आणि वहिनी दोघी गेल्या, मुद्दाम दुपारच्या उन्हात. पडदा ओढायला निघालेल्या नाचबाईंना डागताईने थांबवलं. "उन्हातच राहू द्या. तापू द्या चांगलं." ताटलीवरचं काळं रबर हाताला चटका देऊ लागलं तेव्हा तिने बटण दाबलं. ठिपके थांबले ते थांबले. रागावून घरी बसलेली मुलगी पहिल्या रांगेत होती. आधी बिचकत, मग मोकळी होत ती नाचली. आणि शेवटी मुलींच्या आग्रहाला मान देऊन नाचबाई स्वतः पुढे आल्या. बासरी सुरू झाली. त्यांचं पाऊल तालावर पडलं, पुढचंही पडलं, आणि मग त्यांनी आरशाकडे बघायचंही सोडून दिलं. तबकडीची बाजू संपेपर्यंत त्या एकदाही मागे पडल्या नाहीत. संपल्यावर खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या, आणि मुलींनी शहाणपणाने टाळ्या वाजवणं थोडं लांबवलं.

डागताईचा कान परत आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. वह्या-पेनांच्या दुकानात दुसरं कुणीतरी बसलं; दादाने पंख्याचा विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या खोलीतलं टेबल तिने भिंतीपासून हलवून असं फिरवलं की येणारा माणूस तिच्या उजव्या हाताला यावा. कुठलंही यंत्र बाहेर जाण्याआधी दोन्ही बाजूंना मीटर लावायचा, आणि मग वहिनीला हाक मारायची, असा नेम पडला. नाचबाईंनी गावभर सांगितल्याने कामही वाढलं. दुपारी भांडी आटपली की वहिनी स्टुलावर येऊन बसते, हातात भाजी निवडायला घेते आणि मान तिरकी करून ऐकते.

परवा एक गृहस्थ ॲम्प्लिफायर घेऊन आले. डागताईने सगळं तपासलं, मीटर लावला, दोन्ही बाजूंना काटा सारखा. "झालं," ती म्हणाली.

"नाही झालं," वहिनी देठ मोडत म्हणाली. "आत काहीतरी सुसकारतंय."

"मीटरमध्ये काही दिसत नाही."

"मीटरला कान आहेत का?"

दोघींची चांगली जुंपली. गृहस्थ बिचारे कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिले. शेवटी डागताईने झाकण पुन्हा उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि बोर्डावर वाकली.

"दिवा जरा जवळ धर, वहिनी," ती म्हणाली. "बघू, कोण सुसकारतंय ते."